लो केलेली गाडी मूळ उंचीवर आणताना

गाडी लो करायला, म्हणजे स्प्रिंग आखूड करून तिची उंची कमी करायला, अर्धा दिवस पुरतो. ती परत वर आणायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ पाने फिरवण्यात जात नाही. आधीच्या माणसाने नेमकं काय काय बदललं हे शोधण्यात जातो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत कुणीतरी एमएच ०४ ची, झकास अलॉय घातलेली सेकंडहँड स्विफ्ट किंवा पोलो घेतो. विकणारा सांगतो, "फक्त स्प्रिंग बदलल्यात, बाकी सगळं कंपनीचं." हे वाक्य ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. स्प्रिंगसोबत बहुधा बम्प स्टॉप (शॉकअप शेवटाला आपटू नये म्हणून असलेलं रबर) कापलेले असतात, लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या दांड्या) आखूड घातलेले असतात, कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल ठरवणारे) बदललेले असतात, हेडलाइटची पातळी हलवलेली असते. हे सगळं उलट्या क्रमाने सोडवलं तरच गाडी कंपनीसारखी चालते. नुसत्या स्प्रिंग टाकल्या तर ती उंच दिसेल, एवढंच.

इथे सांगितलेलं काम पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाड्यांचं आहे. म्हणजे स्विफ्ट, बलेनो, पोलो, आय ट्वेंटी आणि बऱ्याच छोट्या सेडान. एसयूव्ही आणि मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळ्या दांड्या) असलेल्या महाग गाड्यांचं तंत्र वेगळं. त्यात इथे शिरत नाही.

इथल्या रस्त्यांवर लो गाडी नक्की कुठे घासते

थोडं गणित करू, म्हणजे किती उंची परत हवी याचा अंदाज येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याच्या पाठीची त्रिज्या १७ मीटर. २०१८ सालच्या स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिलिमीटर आणि मूळ ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची जागा) १६३ मिलिमीटर. गतिरोधक व्हीलबेसपेक्षा रुंद असल्यामुळे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्याच्या उतारावरच असतात, आणि पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. ४० मिलिमीटर लो केलेली गाडीसुद्धा त्यावरून सहज जाते.

पण असा गतिरोधक आपल्याकडे दिसतो किती ठिकाणी? सोसायटीच्या गेटवरचा सिमेंटचा उंचवटा हातभर रुंद असतो. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि आपली सगळी उंची पोटाशी आणतो. उंचवटा १० सेंटिमीटर असेल, गाडी ४० मिलिमीटर लो असेल, तर कागदावर दोन सेंटिमीटर उरतात. मागे आईबाबा आणि डिकीत सामान घातलं की तेही गेले. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर चढताना लागणारी डांबराची पायरी, कोलशेत किंवा खारघरच्या टॉवरमधल्या पोडियमच्या रॅम्पचा वरचा काठ, पावसात पाण्याने भरलेला खड्डा: लो गाडी इथे अडकते. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ती छानच चालते, म्हणून तर मालकाला वर्षभर काही कळत नाही.

आधी टेप, मग पाना

सपाट जागा शोधा. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बहुधा चालतं, रॅम्प चालत नाही. टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, डिकी रिकामी करा. आता चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. जमिनीपासूनच्या मापात टायरची झीज आणि बदललेली रिम दोन्ही मिसळतात; चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त सस्पेन्शनची उंची कळते. मग त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, कुणी हात न लावलेली गाडी शोधून तीच चार मापं घ्या. ठाण्यात स्विफ्ट शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या काकांना विचारा, फक्त टेप घेऊन त्यांच्या गाडीजवळ वाकण्याआधी विचारा.

दोन्ही बाजूंच्या मापात बराच फरक दिसला, तर प्रश्न लो करण्यापुरता नाही. एखादी स्प्रिंग तुटलेली असेल किंवा कधीतरी ठोकलेली गाडी असेल. तो आधी सोडवा.

आता टॉर्च घेऊन चाकाच्या आत डोकवा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. स्प्रिंगवर वेगळाच चमकदार रंग आणि कंपनीचं नाव छापलेलं असेल तर ती लोअरिंग स्प्रिंग. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे आणि त्यावर फिरणारी रिंग असेल तर कॉइलओव्हर. आणि रंग मूळचाच, पण स्प्रिंगचं टोक ग्राइंडरने कापल्यासारखं धारदार, रंग उडालेलं आणि गंजलेलं असेल तर ती कापलेली स्प्रिंग. ही तिसरी सगळ्यात स्वस्तात केलेली आणि सगळ्यात आधी काढण्यासारखी. गाडी उचलल्यावर कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते, आणि मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण लटकलं की तेच चालत्या गाडीत होऊ शकतं.

कापलेल्या स्प्रिंगला औषध नाही

कापून आखूड केलेली पँट जशी पुन्हा लांब होत नाही, तशीच ही. वेल्डिंग केलं, तापवून ताणली, तर त्या स्टीलला दिलेलं उष्णतेचं संस्करण जातं आणि ती कधी मोडेल ते सांगता येत नाही. दुसरा शॉर्टकट म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबर बफर. "बफर टाका, गाडी वर येते" हा सल्ला कुणीतरी देणारच. बफर त्या वेढ्याला काम करू देत नाही, त्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो. शिवाय कापलेली स्प्रिंग आधीच कडक झालेली असते: स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे सहापैकी एक वेढा कापला की ती साधारण २० टक्के कडक होते. त्यात बफर घातला की आणखी. उंची येते, पण गाडी बैलगाडीच्या चालीने चालते.

कॉइलओव्हर असेल तर रिंग फिरवून गाडी वर घेता येते, आणि नवे पार्ट येईपर्यंत तेवढं करायला हरकत नाही. मात्र स्प्रिंगखालची रिंग वर नेऊन मिळालेली उंची चाकाच्या खाली लटकण्याच्या प्रवासातून येते. खड्ड्यात चाक पटकन शेवटाला पोचतं आणि 'ठक्' असा धक्का बसतो. ज्यांच्यात खालचा ब्रॅकेटच वेगळा फिरतो, त्या प्रकारात हा प्रवास तसाच राहतो; तुमच्याकडे कुठला आहे ते बघून ठरवा.

पार्टची यादी

काउंटरवर गाडीचं नाव सांगून स्प्रिंग मागू नका, आरसीवरचा चासी नंबर द्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड असतं. काही गाड्यांत डावी-उजवीही वेगळी असते. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात ती याचीच खूण. पेट्रोल गाडीला डिझेलची स्प्रिंग घातली की नाक वर करून चालणारी गाडी मिळते, आणि मालक अलायनमेंटवाल्याशी भांडत बसतो.

स्प्रिंग नेहमी जोडीने घ्या: दोन्ही पुढच्या, दोन्ही मागच्या. त्यासोबत बम्प स्टॉप, धूळ अडवणारे रबरी बूट, स्प्रिंगच्या वरखालच्या रबरी बैठका, पुढच्या स्ट्रटचे वरचे माउंट आणि बेअरिंग, आणि एकदाच वापरायचे लॉक नट. माउंट आणि बेअरिंग ठीक दिसत असले तरी बदला. स्ट्रट उघडलाच आहे, तेवढ्यासाठी पुन्हा मजुरी कशाला. शॉकअपवर तेलाची ओल दिसली, किंवा रॉड हाताने दाबल्यावर एकसारखा न जाता मध्येच सैल लागला, तर तोही जोडीने बदला. आखूड स्प्रिंगवर वर्षानुवर्षं चाललेला मूळ शॉकअप बम्प स्टॉपवर आपटून आपटून बहुधा संपलेलाच असतो.

आधीच्या मालकाला फोन करून एकच विचारा: जुन्या स्प्रिंग कुठे आहेत? पुष्कळ वेळा त्या त्याच्या घरी बाल्कनीत किंवा गॅरेजवाल्याच्या पत्र्यावर पडलेल्या असतात. मिळाल्या तर घासून गंज बघा, सपाट जमिनीवर जोडीने उभ्या करून लांबी सारखी आहे का पाहा. नाही मिळाल्या तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले पार्ट मिळतात, पण तिथे चासी नंबर उपयोगी पडत नाही, तुमचं डोळ्याचं माप आणि रंगाचे ठिपकेच कामी येतात. शॉकअप, माउंट आणि रबर मात्र तिथून घेऊ नका.

काय स्वतः करावं, काय गॅरेजला द्यावं

मोजमाप, पार्टची यादी, मागच्या स्प्रिंग बदलणं आणि शेवटची तपासणी हे नवख्याने एका जाणत्या मित्राच्या सोबतीने करण्यासारखं आहे. पुढचा स्ट्रट उघडणं हे नाही. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसी भागात भिंतीला बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेलं गॅरेज शोधा, पूर्ण स्ट्रट काढून न्या आणि जोडून आणा. दोन हुकांच्या, सुट्या कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्याकडे देण्याआधी त्याचे हूक आणि आटे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि इथे एक सापळा आहे, जो लो गाडीतच असतो. आखूड स्प्रिंग काढताना स्ट्रटचा मधला नट सोडला तर कधी कधी काहीच होत नाही, स्प्रिंग सैलच असते. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण मूळ स्प्रिंग लांब असते. ती त्याच स्ट्रटवर बसवायला दाबावीच लागते, आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतकी ताकद असते. काढताना लागला नाही म्हणून बसवतानाही कॉम्प्रेसर लागणार नाही, असं समजू नका. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड किंवा हात आणू नका. कॉम्प्रेसर आवळायला इम्पॅक्ट गनही लावू नका.

पुढची बाजू

जूनच्या आधी काम काढा, निदान बोल्ट तरी तपासा. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे इथल्या गाड्यांचे बोल्ट इतके धरतात की आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला नाही तर दिवसभर टॉमीवर उड्या माराव्या लागतात.

गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल करा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून जॅक स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारमध्ये ताण राहतो आणि लिंक रॉड निघत नाही. स्टेपनीच्या जॅकवर गाडी ठेवून खाली वाकायचं नाही, हे शेजारी कितीही अनुभवी असला तरी त्यालाही लागू.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमधून सोडवा. लिंक रॉडचा नट सोडताना आतला बोल्ट गोल फिरतो, तो ॲलन कीने धरावा लागतो. ही लिंक आखूड किंवा ॲडजस्टेबल दिसली तर कंपनीची टाका, नाहीतर बार वाकड्या कोनात काम करत राहील. मग स्ट्रटला नकलशी (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन मोठे बोल्ट. ते सोडण्याआधी मार्करने त्यांच्या डोक्याभोवती रेघ मारा आणि वरचा बोल्ट नीट बघा: त्याच्या अंगावर फुगवटा असेल किंवा तो खालच्यापेक्षा बारीक असेल तर तो कॅम्बर बोल्ट आहे, लो केल्यावर चाक सरळ करायला घातलेला. त्या जागी कंपनीचा बोल्ट आणा. नकल सुटल्यावर बाहेर झुकू देऊ नका, तारेने बांधा. झुकली तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो.

बॉनेटखाली वरचे नट सोडताना शेवटचा नट काढण्याआधी मित्राला खालून स्ट्रट धरायला सांगा. मधल्या मोठ्या नटला गाडीवर हात लावायचा नाही.

जोडून आलेला स्ट्रट परत घालण्याआधी एकच तपासणी पुरेशी: स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला बरोबर टेकलंय का. बोटभर सरकलेलं असेल तर वळवताना स्प्रिंग 'टण्ण' उडते, आणि तो आवाज स्टिअरिंगचा समजून लोक स्टिअरिंग रॅक बदलतात.

मागची बाजू

इथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे, त्यामुळे कॉम्प्रेसर बहुधा लागत नाही. गाडी बॉडीखाली स्टँडवर, बीमखाली ट्रॉली जॅक. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू खाली सोडा, आणि नजर ब्रेकच्या होजवर ठेवा. स्प्रिंग मोकळी झाली की काढा, नवी रबरी बैठकीसह, वरची बाजू वर ठेवून बसवा. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब बीमच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो आणि लो करताना त्याची दांडी वाकवलेली असते. ती मूळ जागी आणली नाही तर मागचे ब्रेक कमी-जास्त लागतात.

बुश: हेच बहुतेक जण विसरतात

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या बीमचे रबरी बुश (जोडातली रबरी नळकांडी) आवळले तेव्हा गाडी ज्या उंचीवर होती, तीच त्यांची आरामाची जागा असते. आधीच्या माणसाने अलायनमेंटच्या वेळी ते लो उंचीवर आवळले असतील तर आता मूळ उंचीवर ते कायम पिळलेले राहतात. गाडी पूर्ण वर येत नाही, रबर लवकर फाटतं, आणि मालकाला वाटतं स्प्रिंग चुकीची मिळाली. म्हणून नव्या स्प्रिंग बसल्यावर आर्मचे आणि बीमचे बुश बोल्ट सैल करा, चाकं घालून गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीन वेळा पुढेमागे ढकला, बंपर दाबून सोडा, आणि वजन चाकांवर असतानाच बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर पिट किंवा चाकं टेकवून उचलणारी लिफ्ट असलेल्या गॅरेजात हे करून घ्या. मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टालाही हाच नियम.

अलायनमेंट आणि दिवे

लगेच अलायनमेंटला जाऊ नका. स्प्रिंगना जरा बसू द्या. काही दिवस रोजच्या रस्त्यावर चालवा, पण हळू, कारण उंची बदलली की टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) हमखास बिघडलेला असतो. मग पुन्हा टेप लावा. चारही मापं त्या न बदललेल्या गाडीच्या जवळपास आली की चारचाकी अलायनमेंट करा आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागा. मागच्या बीमचा टो सहसा बदलता येत नाही. तिथे लाल आकडा आला तर बीम वाकलाय का ते बघावं लागेल. टायर आतल्या काठाने खाल्लेले असतील तर उत्तम अलायनमेंटनंतरही गाडी ओढेल आणि गुणगुणेल. दोष नव्या कामाचा नाही, टायरचा.

हेडलाइटची पातळी भिंतीसमोर उभं राहून तपासा, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाडीत तो सर्व्हिस सेंटरमध्ये कॅलिब्रेट करून घ्या.

चाचणीसाठी दोन रस्ते पुरतात. पहाटेचा पाम बीच, स्टिअरिंग सरळ राहतं का बघायला. आणि घोडबंदरचा सर्व्हिस रोड, आवाज ऐकायला. छोट्या खड्ड्यांवर खडखड आली तर लिंक रॉडचे नट, मोठ्या खड्ड्यात ठक् आलं तर वरचं माउंट किंवा शॉकअप. काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने परत तपासायचे.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. मूळ उंचीवर आलात की ही काळजी मिटते. "आता खड्ड्यांसाठी अजून दोन इंच वर घेऊ" असं म्हणालात की ती दुसऱ्या बाजूने परत येते. नव्या पार्टची बिलं आणि अलायनमेंटचा प्रिंट गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला किंवा गाडी विकायची वेळ आली, तर दाखवायला हेच कागद लागतात.

काढलेल्या लोअरिंग स्प्रिंग आणि कॉइलओव्हर विकता येतात. कॉइलओव्हरसोबत रिंग फिरवायचा वाकडा पानाही द्या. कापलेल्या स्प्रिंग मात्र कुणाला देऊ नका, अगदी फुकट मागितल्या तरी. त्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाका.